लोटू मिस्त्रीची अक्षरओळख

उधना स्टेशनच्या फलाटावर लोटूने बायकोला कमरेला धरून उचललं आणि गज नसलेल्या खिडकीतून डब्यात सारलं. दारातून चढायला वाव नव्हता. चौऱ्याण्णव सालचा सप्टेंबर संपत आला होता. सुरतेत प्लेग आला ही बातमी दोन दिवसांत सगळ्या वस्त्यांमध्ये पसरली होती, आणि नवागाम, डिंडोली, उधना इथली खानदेशी माणसं तोंडाला रुमाल बांधून मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली होती.

"तुम्हीबी चला ना," आतून सुंदरा म्हणाली.

"शेठनी खातं मना भरोसावर सोडेल शे. आठ दिनमा येस मी."

सुंदरा आणखी काहीतरी बोलली. तोंडावर पदर, चहूकडे आरडाओरडा, लोटूला काही ऐकू गेलं नाही. त्याने आपली मान हलवली. गाडी सुटली, आणि तो गाडीच्या उलट्या दिशेने, रिकाम्या होत चाललेल्या शहरात परत गेला.

लोटू बागूल उधन्यातल्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मिस्त्री होता. अंगाने चांगला सहा फूट, पंजे फावड्यासारखे. चालत्या मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून तो धोटा कुठे अडतोय ते सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं. आजूबाजूच्या खात्यांचे शेठही त्याला न्यायला स्कूटर पाठवायचे. शाळेत मात्र तो एक दिवसही गेला नव्हता. लहानपण गुरांमागे गेलं होतं.

माणसांच्या बाबतीत त्याची एक गंमत सगळे सांगायचे. एकदा स्टेशनबाहेर एका माणसाने, साक्रीकडचा आहे, खिसा कापला गेला, असं सांगून त्याच्याकडून तिकीट काढून घेतलं, अंगातला स्वेटरही घेतला. पंधरा दिवसांनी तोच माणूस तिथेच दुसऱ्या कुणाला तेच सांगत होता. लोटू खात्यात येऊन म्हणाला, "बिचाऱ्याचा परत खिसा कापला." सगळे पोट धरून हसले. ते का हसतात हे लोटूला शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळ्यात जास्त भरवसा त्याचा बळीरामवर होता. दोघं सोळाव्या वर्षी एकाच गाडीने सुरतेला आले, चार वर्षं एकाच खोलीत राहिले. लोटूला कावीळ झाली तेव्हा बळीरामने महिनाभर त्याला हाताने भात भरवला होता. बळीराम सातवी शिकलेला, लोटूच्याच खात्यात मागावर होता. रविवारी त्याच्या ओट्यावर माणसं पत्रं घेऊन बसायची. तो वाचायचाही सुरेख. कुणाच्या आईचं पत्र असलं की आवाज हळू करायचा, कुणाच्या लहान भावाचं असलं की भरभर वाचायचा. ऐकताना बायका डोळ्याला पदर लावायच्या.

सुंदराचं माहेर साक्री तालुक्यात, डोंगराच्या कडेला. तिथलं दुसरं कुणी सुरतेत नव्हतं. आईबाप गेलेले, एक भाऊ होता. तिचं पहिलं पत्र ऑक्टोबरात आलं. निळं आंतरदेशीय. लोटूने ते न फोडता बळीरामकडे नेलं.

बळीराम थोडा वेळ मनातल्या मनात वाचत राहिला. मग मोठ्याने वाचू लागला. सुखरूप पोचले. भाऊ फार चिडला आहे. प्लेगमध्ये बाईमाणसाला एकटं धाडलं आणि स्वतः शेठची मशिनं राखत बसला, असं म्हणतो. दिवाळीला येऊ नका, चारचौघांत अपमान करील. त्याचा राग उतरला की कळवीन.

लोटूने मान खाली घातली. "खरं शे त्यानं," तो म्हणाला. "मी जावाले पाहिजे व्हतं."

"जाऊ दे भो. माणूस चिडस, मग थंडा व्हस," बळीराम म्हणाला आणि त्याच्या गुडघ्यावर थापटलं.

शहर पुन्हा भरलं. पळालेले कारीगर परतले, माग पुन्हा दोन पाळ्यांत खडखडू लागले. सुंदराची पत्रं दीड-दोन महिन्यांनी येत राहिली. भाऊ अजून रागातच आहे. घरात कापसाची कामं आहेत, आत्ता निघता येत नाही. आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया झाली की बघू. लोटू ऐकायचा, बळीरामकडून उत्तर लिहून घ्यायचा, मनीऑर्डरचा फॉर्मही त्याच्याकडूनच भरून घ्यायचा. वाचून झालेलं पत्र घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत, सुंदराच्या लुगड्याखाली ठेवायचा.

पंच्याण्णव सालच्या सप्टेंबरात एक पत्र आलं. बळीरामने ते उघडलं, वाचलं आणि घडी घातली.

"राहू दे. नंतर वाचस."

"का रे? बरी शे ना ती?"

"बरी शे. राहू दे लोटू, आज नको."

"वाच भो. माले घोर लागस."

बळीरामने ओट्यावरच्या दुसऱ्या माणसांना उद्या यायला सांगितलं. ते गेल्यावर, पत्राकडे बघत, आवाज खाली आणून त्याने वाचलं. पोळ्याला मुलगा झाला.

आधी लोटू हसला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सुंदराने कुठल्या कुठल्या देवांना नवस केले होते, सुरतेच्या दोन डॉक्टरांनी हात टेकले होते. "मुलगा?" तो म्हणाला. "मुलगा व्हयना?" त्याने बळीरामचे खांदे धरले. बळीराम हसला नाही. तो खाली बघत होता. तो का हसत नाही हे लोटूला उमगायला थोडा वेळ लागला. मग त्याने खांदे सोडले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. ती गेली त्या नवरात्रापासून दिवाळी, दिवाळीपासून संक्रांत. पोळ्यापर्यंत अकरा महिने भरत होते. त्याने पुन्हा मोजलं. बोटं तीच आणि महिनेही तेवढेच.

"लिही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "ते पोर मनं नही. मना दारमा पाय ठेवू नको."

"दोन दिन थांब लोटू. विचार कर."

"लिही."

बळीरामने लिहिलं. लोटूने खाली अंगठा उठवला. घरी जाताना त्याला वाटलं, अशा वेळी थांब म्हणणारा एक तरी माणूस आपल्याला आहे.

सुंदरा आली ती पुढच्या फेब्रुवारीत. खात्याचा वीज बंदचा दिवस होता, लोटू दुपारी घरातच होता. नवागामच्या त्या चाळीत एका खोलीतलं बोलणं चार खोल्यांत ऐकू जायचं. तिचा आवाज दाराशी आला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला.

"कसं काय लिखं तुम्हीन असं?" ती म्हणाली. "आनि पैसा येत व्हतात, पन मना एकबी चिठ्ठीनं उत्तर नही. मी काय समजू?"

उत्तरं तर त्याने दर वेळी लिहून घेतली होती; हेही ती खोटंच बोलतेय, असं त्याने धरलं. तिने पोराला खाली ठेवलं असावं, कारण वाळ्यांचा आवाज दाराच्या चौकटीपाशी झाला. मग छोट्या हाताने लाकडावर थापा मारल्याचा.

"एक सावा तोंड तं देखा त्यानं."

"ज्यानं शे त्याले दाखाड."

शेजारच्या खोल्यांमध्ये भांड्यांचे आवाज थांबले.

"महिना मोजा तुम्ही," ती म्हणाली. "बोटंवर मोजा."

"मोजेल शेतस."

तिने पोराला उचललं, वाळे दारापासून लांब गेले. ती संध्याकाळपर्यंत चाळीच्या नळापाशी दगडावर बसून होती. एक-दोन बायकांनी पाणी विचारलं. अंधार पडायच्या आधी ती उठली आणि स्टेशनकडे गेली. लोटूने मान वळवली नाही. पोराचं तोंड एकदा बघितलं की आपण विरघळू, याची त्याला भीती होती.

त्यानंतर दोन पत्रं आली, त्याच वर्षी पावसाळ्यात, आठ दिवसांच्या अंतराने. लोटूने ती बळीरामकडे नेली नाहीत. फाडलीही नाहीत. चिकटवलेली होती तशीच पेटीत टाकली.

"काही पत्र-बित्र?" बळीराम विचारायचा.

"काही नही," लोटू म्हणायचा. बळीरामशी तो आयुष्यात तेवढंच खोटं बोलला.

दोन वर्षं गेली. लोटू कामावर जायचा, खाणावळीत जेवायचा, येऊन झोपायचा. बळीरामने डिंडोलीत दोन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हा लोटूने सुट्टी घेऊन त्याला विटा वाहून दिल्या.

अठ्ठ्याण्णव साली समोरच्या खोलीत सुभद्राबाई राहायला आल्या. लातूरकडच्या, विधवा, पन्नाशीच्या. घरी शिवणकाम करायच्या आणि दुपारी वस्तीतल्या मारुतीच्या ओट्यावर मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग घ्यायच्या. त्यांचं शिलाई मशीन बंद पडलं ते लोटूने तासाभरात चालू करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

"फुकटचं मी घेत नसते," सुभद्राबाई म्हणाल्या. "उद्यापासून वर्गात येऊन बसायचं. तेवढीच परतफेड."

"या वयात काय शिकू बाई?"

"तुमच्याहून म्हाताऱ्या बायका बसायल्यात तिथं. या गुमान."

रात्रपाळी असली की तो दुपारी जाऊन बसायचा. पाटी त्याच्या पंजात हरवून जायची. पण यंत्राचं काम केलेला माणूस. काना कुठे, मात्रा कुठे, कशाने कशाला काय होतं हे त्याला पटकन कळू लागलं. सहा महिन्यांत तो पुस्तकातले धडे अडखळत का होईना वाचायला लागला. सुभद्राबाई म्हणाल्या, घरी रोज सराव करा. आता सराव करायचा तर रस्त्यावरच्या पाट्या सगळ्या गुजरातीत, खात्यातलं लिहिणं गुजरातीत. खोलीत मराठीत लिहिलेलं काही असेल तर ते पेटीत होतं.

एका सुट्टीच्या दुपारी त्याने पेटी उघडली. पत्रं त्याने आल्या क्रमाने एकावर एक ठेवली होती. मन घट्ट करून त्याने सगळ्यात खालचं काढलं. नाहीतरी त्यात काय आहे हे त्याला माहीत होतं. माहीत असलेलं वाचणं सोपं जाईल, असा त्याचा हिशेब होता.

सुंदराने पत्र गावातल्या गुरुजींकडून लिहून घेतलं होतं, त्यांचं अक्षर गोल आणि सुटं होतं. तो बोट ठेवून मोठ्याने वाचू लागला.

लो-टू बा-गू-ल यां-स. सुं-द-रा-चा न-म-स्का-र. मी सु-ख-रू-प पो-च-ले.

इथपर्यंत बरोबर होतं. त्याला आनंदच झाला.

गा-डी-त सां-गि-त-लं प-ण तु-म्हा-ला ऐ-कू गे-लं न-से-ल. म-ला ति-स-रा म-हि-ना आ-हे.

तो थांबला. हे बळीरामने वाचलं नव्हतं. त्याने ओळ पुन्हा वाचली. तिसरा महिना. पुढे होतं, भाऊ फार खूश आहे, दाजींना दिवाळीला नक्की बोलाव म्हणतो. भाऊ चिडला आहे हे कुठेच सापडेना.

लोटूला वाटलं, आपल्यालाच अजून नीट वाचता येत नाही. बळीराम सातवी शिकलेला. आपण सहा महिन्यांचे. त्याने मधली पत्रं बाजूला सारली आणि वर्षभरानंतरचं ते पत्र काढलं, पोळ्याचं. ते त्याला घडीवरून ओळखू आलं, त्याच्या एका कोपऱ्यावर अंगठ्याच्या शाईचा डाग होता. तो बोट फिरवत गेला आणि 'प'वर थांबला. मग पत्र घेऊन समोरच्या खोलीत गेला.

सुभद्राबाई मशीनवर बसल्या होत्या. लोटूने पत्रावर दोन्ही हात ठेवले, फक्त एक शब्द उघडा ठेवला.

"बाई, हा शब्द काय आहे?"

त्यांनी चष्मा वर केला. "पाडव्याला."

"पोळ्याला नाही?"

"पोळ्याला कसं होईल? पोळ्यात ळ लागतो की. इथं ळ कुठंय? हा ड बघा. पाडव्याला."

लोटूने ळ शोधला. त्या शब्दात नव्हता. त्याने वरचा हात काढला आणि त्या ओळीत शोधला. मग खालचा हात काढला आणि सगळ्या पानावर शोधला.

"काय झालं मिस्त्री?" सुभद्राबाईंनी पाय थांबवले.

"काही नाही," तो म्हणाला आणि बाहेर आला.

खोलीच्या उंबऱ्यावर बसून त्याने ते पत्र पूर्ण वाचलं. संध्याकाळ होत आली तोवर त्याचं वाचून झालं. पाडव्याला मुलगा झाला ते मागच्या पत्रात कळवलं होतं. तुम्ही काहीच लिहिलं नाही. त्याचं नाव रतन ठेवलं. आता तो रांगतो. कपाळ तुमच्यासारखं आहे. कधी येता?

नवरात्रापासून गुढीपाडवा. तो बोटांवर मोजू लागला. सहा महिने. आणि आधीचे तीन. बोटं उघडी राहिली, मिटायचं भान त्याला राहिलं नाही. चाळीतला कुणीतरी माणूस समोरून "काय मिस्त्री" म्हणून गेला. लोटूने त्याच्याकडे बघितलं, पण कोण होता ते त्याला नंतर आठवलं नाही. अडीच-तीन वर्षांपूर्वी याच उंबऱ्यापलीकडे वाळे वाजले होते.

मग त्याने बंद पत्रांतलं पहिलं फोडलं. त्यात तीनच ओळी होत्या. रतनला गोवर निघाला आहे. धुळ्याला मोठ्या दवाखान्यात आणलं आहे. राग असला तरी असू द्या, या.

दुसरं पत्र त्याने फोडलं नाही. ते हातात धरून तो उजाडेपर्यंत बसला, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, डिंडोलीला गेला.

बळीरामच्या ओट्यावर नेहमीप्रमाणे माणसं होती. लोटूचा चेहरा बघून ती आपणहून उठली. बळीरामने चटई झटकली. आत त्याची बायको सुषमा तांदूळ निवडत होती.

"ये भो. इतली सकाळी?"

लोटूने बंद पत्र त्याच्यापुढे ठेवलं. "हाई वाच."

बळीरामने वरचा शिक्का बघितला. शहाण्णव सालचा जुलै. "जुनं शे हाई."

"वाच. जे लिखेल शे तेच वाच. मी बोट ठेवस."

बळीरामने वर बघितलं. "तुले वाचता येस?"

"थोडं थोडं."

बळीरामच्या तोंडावरचा रंग उतरला. त्याने पत्र फोडलं. अक्षर सुंदराच्या भावाचं होतं, गिचमीड. लोटू त्याच्या बाजूला सरकून बसला आणि पहिल्या शब्दाखाली त्याने बोट ठेवलं.

"लोटू बागूल यांस," बळीराम वाचू लागला. तो सुरेख आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. "तुमचा मुलगा रतन..."

तो थांबला. बोट 'रतन'खालीच होतं.

"पुढे," लोटू म्हणाला.

"लोटू, नको."

"पुढे."

"तुमचा मुलगा रतन काल सकाळी दवाखान्यात वारला. गोवर अंगात जिरला, छाती भरली. पाच दिवस होता. सुंदरा रोज फाटकापर्यंत जाऊन बघत होती, तुम्ही याल म्हणून. आता तुमचा आमचा संबंध राहिला नाही. कळावे."

लोटूचं बोट 'कळावे'पर्यंत पोचायला वेळ लागला. प्रत्येक शब्द तो स्वतः जुळवून बघत होता. बळीराम खरं वाचत होता.

आत तांदळाचं सूप थांबलं होतं.

"का?" लोटूने विचारलं.

बळीराम ओट्याच्या फरशीकडे बघत राहिला. "सुकदेवले मुकादम कर, असं तू शेठले सांगेल व्हतं."

"कवय?"

"प्लेगना सालले. उन्हाळामा. ती जागा मनी व्हती. मी शिकेल व्हतू. शेठनी तुले विचारं आनि तू सुकदेवनं नाव सांगं."

लोटू आठवू लागला. शेठने काहीतरी विचारलं होतं खरं, ऑइल बदलताना, जाता जाता. खात्यातल्या सुकदेवला मागाचं काम कळत होतं म्हणून त्याने ते नाव घेतलं असेल. त्याच दिवशी बळीरामने आपल्याबरोबर चहाही घेतला असेल. त्याला काहीच आठवेना.

"पहिली चिठ्ठीमा नुसती एक ओळ सोडी मी," बळीराम म्हणाला. "आनि एक मनथीन घाली. तुना तोंडकडे देखत व्हतू. तू लगेच मान खाली घाली. मंग तुना उत्तरंबी मी टपालमा टाकेल नहीत. एक सावा तरी तू विचारतास, खरंच असं लिखेल शे का, तं मी थांबतू. तू कधीच विचारं नही." मग तो हळूच म्हणाला, "मार माले. मारी टाक."

लोटू उठला तेव्हा बळीरामने डोळे मिटून घेतले. पण लोटूने फक्त चटईवरचं पत्र उचललं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. त्याला बळीरामकडे बघवत नव्हतं. कावीळ झालेली असताना ज्या हाताने भात भरवला तो हात तिथे चटईवर पडला होता, आणि ते दोन्ही खरं होतं, हे त्याच्या डोक्यात मावत नव्हतं.

सुषमा दारात आली. तिच्या हातात फळीवरची पत्रं होती, लोकांनी वाचायला, उत्तर लिहायला ठेवलेली. सात-आठ असतील.

"भाऊ, ही ज्यांची त्यांना देऊन टाका," ती म्हणाली. नवऱ्याकडे तिने बघितलं नाही.

लोटूने ती घेतली. वरची नावं वाचत वाचत त्याने दुपारपर्यंत डिंडोली आणि नवागामात ती घरोघर पोचवली. कुणाला काही सांगितलं नाही. शेवटचं देऊन झाल्यावर तो स्टेशनवर गेला.

नंदुरबारला उतरून, एसटी बदलत बदलत तो दुसऱ्या दिवशी दुपारी सुंदराच्या गावी पोचला. भाऊ शेतात होता. सुंदरा पडवीत परातीत पीठ घेऊन बसली होती. केस कपाळावर पांढरे झाले होते. तिने त्याला बघितलं आणि परातीतला हात काढला नाही.

"माले वाचता येवाले लागनं," अंगणात उभा राहून तो म्हणाला. दुसरं काही त्याला सुचलं नाही. "चिठ्ठ्या वाच्यात मी. बळीरामनी खोटं वाचेल व्हतं. पाडवाना पोळा करा त्यानी."

"पोळा," सुंदरा म्हणाली. ती मनात काहीतरी मोजत होती. "म्हणजे मी तथा उनू तवय तुम्ही समजनात, पोर पाच महिन्यानं शे."

लोटूने मान हलवली.

"तुम्हनी चौकट धरीसन उभा व्हता तो. पाच महिन्यानं पोर उभं ऱ्हास का?" तिचा आवाज चढला नाही. "तुम्हले वाचता ये नही, त्यानी फसाडं. खरं शे. पन मी तं चिठ्ठी नव्हती. मी समोर उभी व्हती."

लोटू अंगणातल्या मातीत खाली बसला. रडू येईल असं त्याला गावाच्या फाट्यापासून वाटत होतं, ते आलं नाही. कोंबड्या त्याच्या पायांजवळून फिरत राहिल्या. बऱ्याच वेळाने सुंदरा उठली, हात धुऊन आत गेली आणि एक डबा घेऊन आली. डब्यातून तिने घडी घातलेला कागद काढला.

"दवाखानामातून देल शे हाई," ती म्हणाली. "भाऊ वाचीसन दाखाडत व्हता, मीच नको सांगं. वाचा."

कागद छापील होता, मधल्या जागा शाईने भरलेल्या. लोटूने तो गुडघ्यावर पसरला आणि बोट ठेवलं. छापील जोडाक्षरं त्याला जड गेली. सुंदरा खांबाला टेकून उभी राहिली. तो अडला की ती वाट बघायची.

"मृ-ता-चे नाव, रतन लोटू बागूल," त्याने वाचलं. "वय, एक वर्ष, तीन महिने."

"हां."

"व-डि-लां-चे नाव." इथे तो थांबला. अक्षरं त्याला लगेच ओळखू आली होती. वर्गात सगळ्यात आधी हीच शिकवली होती.

"काय लिखेल शे?" सुंदराने विचारलं.

"लोटू झिपरू बागूल."

"मीच सांगं व्हतं तसं लिखाले," ती म्हणाली. "अजून काही?"

"तारीख शे. सही शे. बस."

"बस एवढंच?"

"एवढंच."

तिने कागद त्याच्या हातातून घेतला, होत्या त्याच घड्यांवर मिटला आणि डब्यात ठेवून झाकण लावलं. मग परातीपाशी बसून तिने पिठात पाणी घातलं.